पाट्यांचा बाजार

वाचन अडणाऱ्या मुलांसाठीच्या लातूरच्या केंद्रात मी भाचीसाठी थांबले होते. शेजारी मुखेडहून आलेलं जोडपं बसलेलं. उघड्या दारातून त्यांची विशाखा दिसत होती, डोळ्यांवर भलामोठा व्हीआर चष्मा. तिला आत दिसणारा बाजार शिकवणाऱ्या मॅडमच्या संगणकावरही दिसत होता.

"दुकानाच्या पाट्या वाचायच्या म्हणं," बाई नवऱ्याला म्हणाली.

"मग वाचंल की. घरी धडेच्या धडे घडाघडा म्हणती. शाळंतल्या सरांनी उगंच धाडलं हितं."

"अवो, ती म्हणती. वाचत न्हाई."

"म्हंजी?"

"अक्षरं हलत्यात म्हणती. भाकरी थापताना मीच धडा वाचते, ती पाठ करती."

"आन् मला सांगितलं न्हाईस?"

"थोरलीला वाचता येईना म्हणून तुम्ही शाळा सोडवली. हिचीबी सोडवली असती."

आतून पोरीचा आवाज आला.

"द... वा... द..."

बाई ताडकन उठली.

"दवाखाना! विशे, दवाखाना म्हण!"

"खाली बस तू. सांगू नको तिला."

"अवो, पण अडली ना ती..."

"अडू दे. विशाखा, सावकाश वाच बेटा. मुखेडची बस गेली तर जाऊ दे."