तहकूब ग्रामसभा आणि कौतिकाबाई

थांबा हो मृदंगवाले, जरा हाताला विसावा द्या! मंडळी, ऐका. एकच प्रश्न विचारतो. राज्य वाईट चाललं, तर पाप कुणाच्या माथी? राज्य करणाऱ्याच्या — की ज्यानं कधी विचारलंच नाही, त्याच्या?

"करणाऱ्याच्या!" — बघा, किती पटकन बोललात! दुसऱ्याचं पाप म्हटलं की सगळ्यांचा सूर कसा एक लागतो! बरं, गोष्ट ऐका, मग ठरवा.

बोरवंड नावाचं एक गाव. गाव एक, मारुती एक, पण पार्ट्या दोन! एक छत्रीवाले, एक शिट्टीवाले. आता यात तत्त्व-बित्त्व काही नाही बरं का — मतदानाच्या वेळी मिळालेली चिन्हं ती! पण गाव असं फाटलं, असं फाटलं, की न्हावीसुद्धा वेगळे! शिट्टीवाला भर पावसात भिजत घरी जायचा, पण छत्री उघडायचा नाही! आणि छत्रीवाल्याच्या घरी कुकर लावायची चोरी! हसताय? अहो, मयत झालं तरी विचारायचे, "कुणाचा होता?" — अरे, आता देवाचा झाला की तो! पण गावाला तरी नावं कशाला ठेवायची? टीव्ही लावा, सगळ्या देशाचं हेच चाललंय.

तर या बोरवंडात नळाला पाणी यायचं — पिवळं! पाइप गेलेला गटारातून, आणि गटारातच फुटलेला. घरोघर कावीळ! एका घरी नवी सून आली होती. मंडळी, अंगाची हळद उतरली नव्हती हो त्या पोरीची. डोळे पिवळे झाले, आणि गेली.

तिच्या शेजारी राहायची कौतिकाबाई. म्हातारी, पण जीभ म्हणजे नुसता ठेचा! तिची सून सुवर्णा पोटुशी, सातवा महिना — आणि तिलाही कावीळ. डॉक्टर म्हणाले, "आजी, औषध मी देतो. पण पाणी बदला, नाहीतर दोन जीव जातील."

म्हातारी तडक गेली सरपंचाकडं. सरपंच रावसाहेब कोरडे, छत्रीचे!

"रावसाहेब, पाइप फुटलाय रं बाबा."

"मावशी, तुमच्या आळीनं मतं कुणाला दिली?"

"मतं पेटीत दिली. पाइप गटारात फुटलाय. त्याचं बोल!"

"पाणी उत्तम आहे, मावशी. ही शिट्टीवाल्यांची बदनामी आहे."

म्हातारी गेली विरोधी पुढाऱ्याकडं — दादाभाऊ मुटकुळे, शिट्टीचे. ते तर खूश!

"शाब्बास, मावशी! फार मोठा मुद्दा आणलात. पण आत्ता नको. निवडणूक जवळ येऊ द्या, मग हाच पाइप गाजवू!"

"आन् तवर माझी सून?"

दादाभाऊंना नेमका तेव्हाच फोन आला. पुढाऱ्याला फोन कधी येतो? माणूस खरं बोलला की येतो!

मग ती गेली ग्रामसेवकाकडं. तो म्हणाला, "आजी, पाइप दुरुस्त झालाय. ग्रामसभेत तसा ठराव झालाय."

"ग्रामसभा? कंदी झाली रं, भाऊसाहेब?"

मंडळी, इथं गंमत आहे, नीट ऐका. ग्रामसभेला पुरेशी माणसं आली नाहीत, तर ती तहकूब होते. आणि तहकूब सभा पुन्हा भरली, की तिला माणसांची अटच नाही! बोरवंडात काय चालायचं? छत्रीवाले म्हणायचे, "सरपंच आपलाच, त्याला काय विचारायचं?" शिट्टीवाले म्हणायचे, "सरपंच त्यांचा, त्याला कशाला विचारायचं? आमचा बहिष्कार!" झालं! सभा तहकूब! मग सरपंच, त्याचा मेहुणा आणि भाऊसाहेब — चहा प्यायचा आणि ठराव मंजूर! शिट्टीवाले छाती काढून सांगायचे, "बहिष्कार टाकून कशी जिरवली!" अन् रावसाहेब त्या बहिष्काराला मनातल्या मनात नारळ फोडायचे.

म्हातारीनं हे सगळं ऐकलं. छत्रीच्या आळीत गेली अन् कानात सांगितलं, "उद्याच्या ग्रामसभेला शिट्टीवाले झाडून येणार हायेत. तुमच्या सरपंचाचा पाणउतारा करनार!" शिट्टीच्या आळीत गेली. "छत्रीवाले झाडून येणार हायेत. तुमच्या दादाभाऊला शिव्या देनार!"

खोटं बोलली हो म्हातारी! पाप लागलं असेल तर माझ्या खात्यावर टाका. पण चांगल्या कामाला न येणारं गाव भांडायला कसं येतं, बघा! मारुतीचा सभामंडप गच्च! उजवीकडं छत्री, डावीकडं शिट्टी. रावसाहेबांना घाम फुटला.

"भाऊसाहेब, तहकूब करा!"

"कशी करू, साहेब? माणसं आलीत!"

आरडाओरडा सुरू झाला, बाह्या वर गेल्या — आणि म्हातारीनं मारुतीची घंटा धरून असा दणका दिला की सगळे गप्प!

"भांडा, पर जरा दमानं! आदी ज्याच्या घरात कावीळ हाय, त्यानं मधी येऊन बसा."

कुणी हलेना. इकडचे तिकडं बघतात, तिकडचे इकडं. मग त्या गेलेल्या पोरीचा नवरा उठला. शिट्टीचा कट्टर कार्यकर्ता! गळ्यातलं उपरणं काढलं, आणि मधे येऊन मान खाली घालून बसला. त्याच्या शेजारी कोण बसलं? ज्याच्याशी दोन वर्षं बोलणं नव्हतं, तो छत्रीवाला! त्याचं पोरगं अंथरुणात होतं. मग एक उठला, दुसरा उठला, बायका उठल्या. बघता बघता दोन्ही बाजू रिकाम्या! उजवीकडं उरले रावसाहेब, डावीकडं दादाभाऊ.

"तुमा दोघांच्याच घरी कावीळ कशी न्हाय रं?" म्हातारीनं विचारलं.

दोघेही छताकडं बघायला लागले. मागून एक बाई ओरडली, "जारची गाडी रोज त्यांच्याच दारात थांबते की! आदी रावसाहेबांच्या, मंग दादाभाऊंच्या!"

वा रे वा! भाषणात वैर, आणि तहान लागली की एकाच गाडीचं पाणी! गाव खुळ्यासारखं भांडतंय, आणि हे दोघे थंडगार पितायत!

मग काय! पाइप बदलला. गावानं पाळी लावून, उभं राहून काम करून घेतलं. सुवर्णा वाचली, तिला मुलगी झाली.

संपली गोष्ट? नाही, मंडळी! नळाला चांगलं पाणी आलं, आणि गाव परत आपापल्या बाजूला गेलं. पुढच्या ग्रामसभेला मंडप ओस! एकटी कौतिकाबाई, मांडीवर नात घेऊन बसलेली.

भाऊसाहेब म्हणाले, "आजी, घरी जा. कुणीच नाही आलं."

म्हातारी म्हणाली, "मी हाय की! मला मोज!"

आता टाळ्या नकोत! मला सांगा, तुमच्या गावची ग्रामसभा कधी आहे? ... का हो, गप्प का? मघाशी किती पटकन बोलत होता! महाप्रसाद कधी विचारलं असतं, तर लेकरानंसुद्धा सांगितलं असतं! अरे बाबांनो, जाब विचारायला कुणी येत नाही, म्हणून तर पाप माजतं.

चला, आता नाव घेऊ. विठ्ठल म्हटलं की तुमचे दोन्ही हात वर जातात. जाऊ द्या, चांगलंच आहे. पण त्याआधी सांगा — ग्रामसभेला येणार कोण? देवासाठी दोन हात वर करता ना? गावासाठी एक तरी करा!