हाक मारल्याशिवाय

सपना : नाई बनून राह्यलं, बाबा. तिसऱ्यांदा नाई म्हणते.

दौलतराव : कोण नाई म्हणते? लॅपटॉप त तुह्याच मांडीवर हाय.

सपना : कंपायलर. मी लिहिलेलं मोटरच्या डब्यातल्या चिपले समजंल असं करून देते, तो. म्हणते, मोटर घरून सुरू कराले फोनचा जो मेसेज येईन, तो न तपासता थेट मोटरपर्यंत चालला.

दौलतराव : डब्याची तार अजून मोटरले जोडली नाई. न चालवताच समजलं त्याले?

सपना : वाचूनच. मेसेज कुठून आला, कुठं गेला, सारं पाहते. प्रोग्रामची भाषा बनवणाऱ्यायनंच तसं आत घालून ठेवलं.

दौलतराव : कमाल हाय! आपली विहीर त पाहिली नाई त्यायनं. बरं, गप्प कर आता त्याले. चार वाजता लाइट जाते, कोबी सुकून राह्यली.

सपना : एक ओळ टाकली का गप्प होते. पण डब्यात सिम कोणतं टाकलं तुमी?

दौलतराव : माह्यं जुनं. त्यात रिचार्ज शिल्लक होता.

सपना : आपल्या कोबीच्या साऱ्या कॅरेटवर जो नंबर रंगवला हाय, तो?

दौलतराव : हो... तोच.

सपना : मंग तार जोडली, अन् देवळीच्या बाजारातून कोणी 'कोबी हाय काय' असा मेसेज टाकला, का मोटर सुरू! अन् हेमराजकाका आत्ता खाली विहिरीत मोटरच्या पंख्यातला गाळ काढून राह्यले.

दौलतराव : (विहिरीत वाकून) हेमराज! आधी वर ये तू!... सपना, मी बटन दाबाच्या आधी तीनदा हाक मारतो. विहिरीत कोणी नसलं तरी. मोटर घरून सुरू होईन, त हाक कोण मारीन?

सपना : हे त कंपायलरलेबी नाई माहीत. पण मले नियम टाकता येते. वर आलो असं काकानं त्यायच्या फोनवरून कळवल्याशिवाय मोटर सुरू नाई. नियम मोडणारी ओळ लिहिली, त तो प्रोग्रामच बनू देत नाई.

दौलतराव : लिहिणाराच इसरला त?

सपना : इसरणाऱ्यासाठीच त हाय तो. काय झालं, बाबा?

दौलतराव : हेमराजची दोन बोटं. लाइट अचानक आली म्हणून पंख्यात तुटली, असंच सांगतलं ना तुले?

सपना : हो. काकाबी तसंच सांगतात.

दौलतराव : तो माह्यासाठी सांगते. लाइट होतीच. मी हाक माराले इसरलो होतो.

सपना : बाबा...

दौलतराव : टाक तुहा नियम. अन् त्याले गप्प कराची ती ओळ मले कदी दाखवू नको.