मानद सभासदाची शाल

नाई नाई, आदेशभाऊ, शाल पिशवीतच राहू द्या — मामाजी आत तयार होऊन राह्यले, येतीलच. तोवर चहा घ्या. तुमी कलावंत संघाचे नवीन सचिव, वडशाहून एवढ्या दूर आले, आणि मी सून असून दारातच प्रश्न विचारते, बरं नाई दिसत — पण एक सांगा, 'मानद' म्हणजे काय हो? मोठाच नं? मंग ऑपरेशनची मदत फक्त 'सक्रिय' सभासदाले काऊन? वाचला मी नियम. संघाची नवी घडी बसवली, विमा आणला, नाटकवाल्यायचं भलंच केलं. पण सलग दोन सीझन ज्याचं काम नाई, तो मानद. आता ज्याच्या गळ्यातच गाठ, तो कोणत्या स्टेजवर बोलंल?

— मानद व्हायले मामाजींनीच संमती दिली म्हणता? सभेत उभे राह्यले म्हणता? अहो, तुमी 'लटारूभाऊ' म्हणून त्याईचं नाव घेतलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या! झाडीपट्टीच्या नाटकांत बायांची कामं करण्यात ज्याचं तारुण्य गेलं, तो माणूस टाळ्या पडल्यावर बसून राहंल? उठले, हात जोडले, तिन्ही बाजूले वाकले — आणि तुमी लिहून टाकलं, मंजूर! त्याईले वाटते, बढती झाली. हसू येते मले. येते, अन् मंग येत नाई.

खोटं वाटंल तुमाले — मी लग्न होऊन आली तेव्हा घरात सासू नाई. पंगतीत वाढताना डोईवरचा पदर कसा सांभाळायचा, हे मले मामाजींनी शिकवलं. डोक्यावर टॉवेल घेऊन, स्वयंपाकघरात स्वतः चालून दाखवलं. माझ्याहून बरे दिसत होते! तेव्हा थोडा आवाज होता. आता पाणी पाहिजे तर पेला वाजवतात.

आणि नियम लिहिला कोणी? आमच्या घरच्यांनीच — तुमच्याच कमिटीत आहेत नं. बापासाठी नियम वाकवला तर लोक काय म्हणतील, म्हणतात, अन् ताटावरून उठतात. एकाचा गळा बंद, दुसऱ्याची मान खाली — मंग बोलंल कोण? नाईतर मी बोलते का कधी? सोमवारी नागपूरले नेऊन भरती करा म्हणे डॉक्टर. त्याच्या आधी नियम बदलायले एक सभा नाई घेता येत?

— आले. काई नाई मामाजी, साखर विचारून राह्यली होती. पावडर लावली का तुमी? छान दिसता.

घाला नं शाल, आदेशभाऊ. ते मान वाकवून उभे आहेत.