प्रसादावर चूळ

हॅलो?… हां, सुनीते, बोल. येतंय ऐकू… नाही गं, घरी नाही, हॉस्पिटलात आहे. मला कुठे काय झालंय? इरावतीला आत नेलंय… हो, दातांचंच. अर्धा तास होऊन गेला.

एकटीच बसलेय. बसलेय कसली, येरझाऱ्या घालतेय. संपदा तिच्याबरोबर आत गेली, भूल चढेपर्यंत आईनं हात धरायला. अजून बाहेर नाही आली. प्रसन्न कामावरून, ईस्ट टामाकीहून निघालाय, ट्रॅफिकमध्ये अडकलाय.

सहा. सहा काढायचेत… अगं दुधाचेच, पण चार वर्षांची पोर ती. मुळापर्यंत गेलेत. आठ दिवस गालाला हात लावून बसायची. ‘आजी, इट्स सोअर’, एवढंच. या थंडीत जॅन्डल्स, म्हणजे त्या रबरी चपला, घालून आली, म्हटलं घालू दे.

थांब, दार उघडलं… नाही, दुसऱ्याच कुणाला बोलावतायत.

हो, हो… अगं ऐक ना. कीड म्हणजे अळी-बिळी नसते म्हणे. डॉक्टरीणबाईंनी सगळं समजावलं. जंतू असतात. ते मोठ्यांच्या तोंडातून लहानांच्या तोंडात जातात, दातांना चिकटून बसतात. गोड मिळालं की आंबट सोडतात, त्यानं दात पोखरला जातो… कसे जातात म्हणजे? चमच्यातून. उष्ट्यातून. मला तर विरजणच आठवलं बघ. चमचाभर पुरतं, पातेलंभर दुधाला.

आणि विरजण कुणाचं? माझं.

सगळ्याच आज्या भरवतात, कबूल. पण वरणभात फुंकायचा, चाखायचा, नि तोच चमचा तिच्या तोंडात, हे मीच करत होते ना? माझी ती खालची दाढ… हो, तीच. लवंग धरून दोन वर्षं काढली. नाही सांगितलं प्रसन्नला. आणि गंमत बघ सुनीते, देवाचा नैवेद्य उभ्या जन्मात चाखला नाही मी. मीठ राहिलं तरी तसाच दाखवला. देवाला उष्टं चालत नाही, पोरीला चालतं.

हसू नकोस. पुढचं ऐक.

बाई म्हणाल्या, नुसते जंतू एवढं करत नाहीत, त्यांना खायला लागतं. झोपताना गोड काय देता?… हो ना. कीर्तन. रोज संध्याकाळी फोनवर लावते. ही मांडीवर. बुवांनी अभंग धरला की टाळ्या वाजवते, आख्यानाला पेंगते. आणि शेवटी प्रसादाची खडीसाखर. ती तोंडात धरूनच झोपते… कधीतरी नाही गं, रोज. दोन वर्षं.

ब्रश? तेच तर. संपदा यायची ना ब्रश घेऊन. मी म्हणायचे, प्रसादावर चूळ भरत नाहीत.

तू पण मानतेस, माहितेय मला. आईनंच शिकवलंय दोघींना. पण आई आपल्याला कडुनिंबाची काडी चावायला लावायची, ते मात्र मी विसरले.

काय म्हणालीस?… नाही, संपदानं नाही सांगितलं. तिथेच तर सगळं अडलंय. बाईंनी विचारलं तर ही म्हणाली, माझ्याच्यानं ब्रश राहून जातो. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. घरी आल्यावर प्रसन्न तिला वाट्टेल ते बोलला. मुलीसाठी दोन मिनिटं मिळत नाहीत का तुला, वगैरे. आणि मी मटार सोलत बसले होते, सुनीते. मान खाली घालून.

गप्प राहू? आता का गप्प राहू?… जन्मभर ऐकवणारी सून नाही ती. ऐकवायचं असतं तर तेव्हाच नसतं ऐकवलं?… मग पाठवू दे परत हेन्डरसनच्या या घरातून तिकडे देशात, तुझ्याकडे, राहू दोघी म्हाताऱ्या.

नाही गं, तुझ्यावर नाही चिडले. जीव थाऱ्यावर नाही. आख्यानात कुणी आपली चूक कबूल केली की मी डोळे पुसते. आणि स्वतःवर आलं तर मटार.

थांब, नर्स आली… येस, येस, ग्रॅनी… ओके? ऑल ओके?… सुनीते, झालं. जागी होतेय. ‘स्वीट ॲज’ म्हणाली नर्स, म्हणजे सगळं छान. देवा, तुझे उपकार.

हे बघ, प्रसन्नही आला. आणि ती संपदा येतेय बाहेर… रडून डोळे लाल झालेत पोरीचे. धर जरा फोन.

संपदा, इकडे ये. बस माझ्याजवळ… प्रसन्न, तिला काही बोलू नकोस… मग नाही, आत्ताच ऐक. ती रोज ब्रश घेऊन यायची. मी तिला परत पाठवायचे. रोज… हो, मी. आणि माझ्या दाढेचंही सांगायचंय.

सुनीते, आहेस ना?… ठेव आता. हा नुसता पूर्वरंग झाला, आख्यान अजून बाकी आहे.