वैशाखातला पूर

— नाही, आधी ते सांगा, तुम्हाला हितेंद्रनं पाठवलं का? कोण हितेंद्र म्हणे! बरं, नसाल ओळखत. पण धुळ्याच्या आहात ना? आहातच. मग माझं काय चुकलं — परवा धुळ्याहून फोन येतो, आज धुळ्याहून बाई येते, आणि तीही नेमकं त्याच गाण्याचं विचारायला. बसा, उभ्या नका राहू. सुगंधाबाई मीच. जरा हळू बोला, वर गच्चीवर माझी जाऊ आहे, कोकिळा — ज्वारीचे बिबडे घालतेय. पीठ मी शिजवून दिलं, घालायचं काम तिचं, तिचा हात पातळ चालतो. दोघीच असतो आम्ही या घरात. दोन भावांच्या बायका, दोघींचेही मालक गेले, आता भांडायला तरी कोणी हवं म्हणून एकत्र राहतो. हसू नका, खरंच सांगते. आणि तो मोबाइल — चालू केलाय का? नाही ना? तरी पालथा ठेवा. तुमच्या बाजूला नको, इथं माझ्यापुढं ठेवा.

मला भोळी समजू नका, ताई. चोवीस वर्षं कॉलेजात शिपाई होते मी, इथंच जळगावात, मराठी विभागात. समीक्षा म्हणजे काय ते मला ठाऊक आहे, चहा देता देता ऐकलीय. कविता चार ओळींची आणि बोलणार दीड तास — प्रतिमा काय, लोकमानस काय, समूहाचं मन काय — साखर किती घालू विचारलं तरी मान वर करायचे नाहीत. वाईट म्हणत नाही मी, पोटापाण्याचा धंदा आहे, करावा माणसानं. पण मला कायम संशय यायचा — मेलेल्या कवीच्या मनात काय होतं ते यांना कळतं, आणि समोर ट्रे धरून उभ्या बाईचे पाय दुखतात ते कसं कळत नाही? आमचे भदाणे सर, विभागप्रमुख, देवमाणूस हो, पण मी त्यांच्याकडं चोवीस वर्षं काढली आणि मला कोणती भाजी आवडते, गाणं येतं का, कधी विचारलं नाही. आणि गाणं तर माझंच घेऊन फिरले गावोगाव.

कसं म्हणजे? मुलींचं शिबिर नेलं होतं त्यांनी आमच्या गावी, चोपड्याकडं, तापीच्या काठाला. तिथं कोकिळानं आखाजीचं गाणं म्हटलं, सरांनी उतरवून घेतलं. आखाजी तुम्हाला काय सांगायची, धुळ्याच्या तुम्ही — अक्षय्यतृतीया जवळ आली की मुराळी येतो, लेकीला माहेरी नेतो, आणि झोक्यावर गाणी. तर सरांनी पुस्तकात छापलं, खाली लिहिलं, रचणारी अज्ञात. मी मुद्दाम सांगितलं नाही. का सांगू? रिटायर झाले तरी चर्चासत्र असलं की चहापाण्याला बोलावतात मला, तशी गेल्या माघात गेले, तर सर माइकवर हेच गाणं वाचत होते —

झोकावर बठनी बहीन, वाट देखे दूर,
तापीले उना पूर वं माय, तापीले उना पूर.
पूर म्हने भाऊले, बहीन नही घर,
जाय भाऊ माघारी, ऊन व्हयनं फार.

सर म्हणाले, हे गाणं एका बाईचं नव्हेच, हे सगळ्या संस्कृतीचं, यात एकट्या माणसाचं मन शोधू नये. किती बरं वाटलं मला, काय सांगू! बठ्ठ्यांचं म्हणजे कोणाचंच नाही, सुटले मी. मग ते पुण्याचे पाहुणे उठले — आखाजी वैशाखात, वैशाखात तापीला पूर कुठला, तेव्हा हे गाणं श्रावणातलं असणार, बायकांनी मिसळून टाकलं. म्हटलं मिसळलं तर मिसळलं, छान आहे. आणि मग मागून एक मुलगी उठली. चष्मा नव्हता तेव्हा तुम्हाला. पण आवाज हाच — पूर माणसाला अडवतो सर, पूर खोटं बोलत नाही. बहीण घरीच आहे, झोक्यावर बसलीय, पहिल्याच ओळीत. मग ती घरी नाही असं सांगतंय कोण? हे पाणी नाही, हे घरातलंच माणूस आहे. — माझ्या हातात अठरा कप होते, ताई. एक फुटला. सगळ्यांनी वळून पाहिलं, तुम्हीही पाहिलंत. तेव्हाच ओळखलंत ना मला?

नाही म्हणता. मग तुम्हाला कोणी सांगितलं? कोणीतरी सांगितल्याशिवाय असं नेमकं बोट ठेवता येतं का? गाण्यातच आहे म्हणे! गाण्यात काय आहे, चार ओळी आहेत. अडतीस वर्षं कोकिळा ते गाणं म्हणते, झोक्यावर म्हणते, भांडी घासताना म्हणते, तिला नाही दिसलं, तिच्या भावाबद्दलचं गाणं, तिला नाही दिसलं, आणि तुम्हाला पंख्याखाली बसून दिसलं? अमृतनंच सांगितलं असेल. अमृत म्हणजे तिचा भाऊ. त्याचाच मुलगा हितेंद्र, त्याचा फोन आला परवा — बाप धुळ्याच्या दवाखान्यात आहे, डॉक्टर म्हणतात दोन-चार दिवस, आत्याला घेऊन या. मी फोन तिला दिला. ती म्हणाली, त्याचं तोंड मला जिवंतपणी पाहायचं नाही, मेल्यावरही नाही, आणि फोन ठेवून ज्वारी निवडायला बसली. आता त्या माणसानं पडल्या पडल्या कोणाला तरी सांगितलं असणार की मी आलो होतो, मला तिच्या जावेनं परत पाठवलं. हेच सांगितलं ना त्यानं?

मग तुम्ही त्याचंच ऐकाल, माझं कोण ऐकणार. माझं ऐकून घ्या तरी. सासूचा खुबा मोडलेला होता त्या साली, घरात नऊ माणसं, कोकिळा पंधरा दिवस गेली असती तर बठ्ठं माझ्या डोक्यावर. हे एक. आणि दुसरं — नाही, दुसरंच खरं. मला चार वर्षं मुराळी नव्हता. माझे आईबाप गेले, भावानं दार बंद केलं. आणि हिचा भाऊ दर साली हजर, वैशाख लागला नाही तोच. जळले मी. मी पाणवठ्यावर धुणं धूत होते, तापीत गुडघाभर पाणी, त्यातून सायकल खांद्यावर घेऊन आला तो. म्हणाला, अक्का, कोकिळाले लेवाले उनू. माय भलती आठवन काढस, तिले बरं नही शे. आणि मी म्हटलं, ती तर घरी नाही, कालच मावशीकडं गेली शिरपूरला. म्हटलं, ऊन फार झालंय, निघा तुम्ही. कसं सुचलं मला ठाऊक नाही. हातातलं लुगडं मी तसंच आपटत होते. त्यानं सांजोऱ्यांचा डबा माझ्याजवळ दिला, आईनं केल्या होत्या, आणि गेला परत. डबा घरी कसा नेणार? एक सांजोरी खाल्ली मी, भूक होती मला, बाकी पाण्यात सोडल्या, डबाही सोडला.

आखाजीच्या दिवशी झोक्यावर बायका हिला चिडवायला लागल्या, कुठाय तुझा मुराळी, कुठाय तुझा मुराळी. ही रडायला आली. मला कळवळा आला, खरंच आला, तुम्ही माना नका मानू. मी झोक्यावर उभी राहिले आणि गायले, तापीले उना पूर. बायका हसल्या, वैशाखात पूर म्हणे, पण हिची लाज राखली गेली. मला वाटलं मी झाकतेय सगळं. आणि तोंडातून माझेच शब्द बाहेर पडत होते, पाणवठ्यावरचे, जसेच्या तसे, ते मला तुम्ही त्या दिवशी बोललात तेव्हा कळलं. अडतीस वर्षांनी. मन असं का करतं हो? तुम्ही शिकलात ना हे, सांगा की.

महिन्यात तिची आई गेली. तिथं चार माणसांत अमृत म्हणाला, मी न्यायला आलो होतो, तूच मावशीकडं जाऊन बसलीस. ही घरी आली, मला विचारलं, अक्का, खरं सांग, अमृत उना व्हता का? तेव्हा सांगता आलं असतं. मी म्हटलं, नाही, कोणी आलं नव्हतं. तिनं पुन्हा विचारलंसुद्धा नाही. सख्ख्या भावाला खोटं ठरवलं आणि माझ्यावर विश्वास ठेवला. माझ्या बाळंतपणात तिनं केलं, माझे मालक गेले तेव्हा तेरा दिवस माझ्याजवळ झोपली. तेव्हाही बोलले नाही. आता बोलून ती मला या घरात ठेवेल? मी कुठं जाऊ या वयात?

काय? काय म्हणालात? नाव? माझं नाव छापायला परवानगी हवी होती? एवढंच? म्हणजे कोकिळानं शिबिरातच सांगितलं होतं की गाणं माझ्या जावेनं रचलंय, आणि सरांच्या वहीत ते तसंच राहिलं होतं, पुस्तकात आलं नाही, म्हणून तुम्ही — मग अमृत? त्याला तुम्ही पाहिलेलं नाही? दवाखान्यात गेला नाहीत? शपथ घ्या. तुमच्या आईची घ्या. अरे देवा. म्हणजे कोणीच काही सांगितलं नव्हतं. मीच सांगितलं बठ्ठं, तुम्ही नुसत्या बसल्या होतात. रडू नको पोरी, तुला काय झालं रडायला, रडायचं मी.

थांब. उतरतेय ती. गुडघे धरून उतरते, वेळ लागतो तिला. — ये वं कोकिळा. राहू दे बिबडे, कावळ्यांनी नेले तर नेऊ दे. ही पोरगी धुळ्याची. नाही, दवाखान्याचं नाही, कॉलेजचं काम होतं. झालं तिचं काम. तू हात धू आणि बस. खाली नको, इथं, माझ्यासमोर बस. पाणी पी आधी. — पोरी, तुझा मोबाइल उचल आणि ऊठ. नाव छाप नाहीतर नको छापूस. अगं पाहतेस काय, ऊठ म्हणते ना. आणि जाताना दार ओढून घे.