मूठभर डाळ

नाही हो, गेला तो. किती वेळा सांगू? — पण उभ्या का, बसा ना पूर्णिमाताई. धाकट्या भावाला शोधायला वाशीमहून रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये अवघडून आलात आणि मी दारातूनच वाटेला लावू? सदाशिव पेठेत राहतो म्हणून काय झालं! चहा विचारतो आम्हीही — विचारला, झालं. डबा कसला तो? त्याच्यासाठी लाडू? ठेवा त्या फडताळावर, देईन मी त्याला — म्हणजे, भेटला कधी तर. पुण्यात माणूस भेटतोच.

मी हा मुळ्याचा पाला निवडता निवडता बोलतो, चालेल ना? मंडईत गिऱ्हाईकं नुसता मुळा नेतात आणि पाला तिथंच मोडून टाकतात — येडे! मी तो उचलतो. दोडका आणला की गराची भाजी अन् शिरांची चटणी. मटाराच्या सालीचा आतला पापुद्रा काढला की तीही भाजी. कलिंगडाचा पांढरा भाग? थालीपिठात. स्वस्तात खायचं म्हणजे वाईट खायचं, असं कुणी सांगितलं? तुमच्या तेजसलाही तसंच वाटायचं. माझ्याकडे भाड्यानं राहून हिंजवडीत नोकरीला जायचा तेव्हा पिझ्झे मागवायचा. मंदी आली, कंपनीनं घरी बसवलं, मग लागला माझ्या पंक्तीला. आता काय सुधारलाय अंगानं — सुधारला होता. होता.

आणि दिवसभर काय करायचा? ती जपानी कार्टूनं. कार्टून म्हटलेलं खपत नाही त्याला, अ‍ॅनिमे म्हणायचं. आधी मी नाकं मुरडली — एवढाले डोळे, निळे केस! एक भाग पाहिला, दुसरा पाहिला… बायको गेल्यावर संध्याकाळ कशी खायला उठते तुम्हाला कळायचं नाही ताई, तुम्ही लहान आहात. तर तेजस म्हणाला, काका, केस बघू नका, माणूस कसा लिहिलाय ते बघा. आणि एक म्हातारा दाखवला. दीपगृहात राहणारा. वादळात जहाजं फुटतात, हा खलाशांना पाण्यातून ओढून काढतो, अंग पुसतो, गरमागरम सार पाजतो — घरात काही नाही, समुद्रातलं शेवाळ अन् शिंपले, पण चव अशी की राजानं ताट चाटावं. पुष्कळ भाग गेल्यावर कळतं, दिवा तोच विझवतो. दुष्ट? छे छे. मी तेजसला तेच सांगितलं — दुष्ट नाही रे, त्याला वाढायला कुणीतरी हवंय. तेजस म्हणाला, म्हणूनच चांगला लिहिलाय काका, त्याला स्वतःला तो वाईट वाटतच नाही. काय बोलला! तुमच्या घरात एवढी समज कुणाला आहे?

फोन? बंद लागत असेल. चार्जरचं काहीतरी झालं होतं, मी दुरुस्तीला टाकलाय. त्या कंपनीनं परत बोलावलं होतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं? हां, आला होता त्यांचा इथं, माझ्या घरच्या फोनवर. मीच उचलला. म्हटलं, इथं तेजस म्हणून कुणी राहत नाही. — आता असं बघू नका. ऐन रंगात आलं होतं कथानक. मधेच उठून नोकरीला जाणारं पात्र किती पचपचीत वाटतं!

त्या खलबत्त्याकडे काय बघताय? लसूण आहे. नाही, चातुर्मासात मी कांदा-लसणाला शिवत नाही, तीस वर्षांत शिवलेलो नाही, पण ठेचा त्याला त्याशिवाय —

त्याला. हो.

हळू बोला, ऐकू येतंय मला. नाहीतरी तो कानात हेडफोनची बोंडं घालून बसला की त्याला बाहेरचं काही… ऐकलंत? आतल्या खोलीचं दार वाजलं ते. भूक लागली की वाजवतो. अहो, उठू नका! कडी बाहेरून आहे, हो, मीच घातली, पण कुणी सांगितली घालायला? त्यानंच. नोकरी गेली त्या आठवड्यात. म्हणाला, काका, बाहेरून कडी घाला, नाहीतर मी ताईला फोन करीन आणि रडेन. आता म्हणतो काढा. आता! तरुण पोरांचं असंच, आज एक उद्या एक. म्हाताऱ्यानं तरी दिलेला शब्द पाळायला नको?

ताई, त्या दारापासून मागं या. तुमचा आवाज ओळखला त्यानं, केवढ्यानं बडवतोय बघा, शेजारी काय म्हणतील. या इकडे. तुमचा मोबाइल द्या बरं जरा माझ्याकडे. मी पुढचं दार लावून घेतो — मांजर येतं. घाबरताय काय एवढ्या? बसा पाटावर. मूठभर डाळ जास्त घातली की दोघांची भाजी तिघांना पुरते.