कडेला आलेलं कोपर

…आणि वर मलाच विचारतो, "काका, आधी काम सांगा, मग प्रोग्रॅम सांगतो!" अरे, तीस वर्षं स्टुडिओ चालवतोय मी, मला काम विचारतोस? तुम्हाला सांगतो, जुना कॉम्प्युटर बसला, फोटो तेवढे वाचले, नवा आणला, तो जोडायला हा कॉम्प्युटरवाला आला, माझ्याच खुर्चीत बसला आणि सुरू! लग्नाचे दोन हजार फोटो एका दमात उजळायचे तर हा प्रोग्रॅम. एकाच फोटोत डोकं घालून बारीक काम करायचं, टकलावर केस आणायचे, गालावरचा फोड घालवायचा, तर तो. दुकानदाराच्या चपला-बाटल्या पांढऱ्याशुभ्र पार्श्वभूमीवर हव्यात, तर तिसराच! आणि ओळखपत्राच्या फोटोला? "त्याला काहीही चालतं काका, तसंही त्यात कुणी ओळखू येत नाही." घ्या!

बरं, काम सांगायचं म्हणजे काय सांगू? लाज वाटते हो! मला बायकोचा फोटो हवाय. एक. टेबलासमोर लावायला. आठ महिने झाले, लेकीकडे गेलीय नातीला सांभाळायला, आणि इथे मी… म्हणजे जेवतो-बिवतो, सगळं नीट आहे, पण दुपारी गिऱ्हाईक नसलं की स्टुडिओ खायला उठतो! मान वर केली की समोर भिंत. फोटोग्राफरच्या घरात बायकोचा फोटो नाही! लग्नातला आहे, पण त्यात तिनं मान अशी खाली घातलीय की दिसतो तो नुसता भांग!

नाहीच कसा, म्हणाल. अहो, ती कायम माझ्या बाजूला! मी कॅमेरा धरायचा, तिनं रिफ्लेक्टर धरायचा, म्हणजे ती पांढरी गोल थाळी, माणसांच्या तोंडावर उजेड टाकणारी. "अहो, थांबा, नवरीचा चेहरा काळा येतोय!" उजेड माझ्यापेक्षा तिलाच जास्त कळतो, हे तिला कधी बोललो नाही, तुम्हालाच सांगतोय. आणि मी काय करायचो? फोटोच्या कडेला तिचं कोपर आलं की कापायचो! तीस वर्षं कापतोय बायकोला!

इकडे ह्याचं चालूच, "काका, काम सांगा." म्हटलं, कापलेलं परत आणायचंय! तसा गडी खुलला. म्हणे, बारीक कामाच्या प्रोग्रॅमात कापलं असेल तर गेलं, पण तुमचा लग्नाचा प्रोग्रॅम कापत नाही, नुसतं झाकतो. फोटोची कड बाहेर ओढली की सगळं परत! ओढली की हो! एकेक लग्न काढून ओढली! आलं कोपर. आली चार बोटं. अर्धा कान, चष्म्याची काडी… पण चेहरा? चेहऱ्यासमोर थाळी! प्रत्येक फोटोत!

"मग हा नवा घ्या काका, नुसतं वर्णन लिहा, चेहरा तो स्वतः काढतो." लिहिलं. गोल चेहरा, चष्मा, हनुवटीवर तीळ. आली की एक बाई! देखणी! आणि माझ्याकडे बघून कौतुकानं हसतेय! तिथंच कळलं, ही आमची नव्हे.

शेवटी निमूट फोन लावला. नेहमीसारखी पडद्यावर नात, आणि मागून हिचा नुसता आवाज. म्हटलं, "अगं, फोन जरा तुझ्याकडे वळव."

"मला काय बघायचंय? हिचा दात बघा!"

"बरं, एक फोटो तरी पाठव तुझा."

"कशाला?"

घ्या! तोही काम विचारतो, हीही काम विचारते! म्हटलं… कॉम्प्युटरवाला ऐकतोय तर ऐकू दे, म्हटलं, "करमत नाही गं."

पलीकडून हळूच, "पाठवते."

आला हो! चष्मा पुसला, उघडला… तर खिडकीत बसलेली नात! एकटी! आणि खाली लिहिलंय, "लेकीनं दोघींचा काढला होता. मी उगाच कडेला येत होते, म्हणून कापून टाकलं. तुमचंच बघून शिकले!"

आता बोलायला तोंड आहे का मला? सांगा, आहे का? तोच छापला, तोच लावलाय समोर. कॉम्प्युटरवाला म्हणाला, "काका, काम राहू द्या, पण प्रोग्रॅम कोणता टाकू?" म्हटलं, कुठलाही टाक बाबा… त्यातली कापायची सोय तेवढी काढून टाक!